एमजीबीचा मागचा ॲक्सल: नऊ महिने, एक खटका आणि एक चुकीची खरेदी

माझ्याकडे १९७२ सालची एमजीबी जीटी, म्हणजे बंद छताची छोटी ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी, आहे. मी नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये डिडकॉट येथे राहते आणि ही गाडी जिथे तयार झाली ते ॲबिंग्डन माझ्या घरापासून दहा-बारा किलोमीटरवर आहे. तिथला कारखाना ऑक्टोबर १९८० मध्ये बंद पडला, तरी १९६२ पासूनच्या अठरा वर्षांत पाच लाखांहून अधिक एमजीबी बाहेर पडल्यामुळे तिचे सुटे भाग आजही सहज मिळतात. सप्टेंबर २०२२ ते जून २०२३ या काळात मी या गाडीचा मागचा डिफरन्शियल (दोन्ही मागच्या चाकांना जोर वाटून देणारी गिअरची पेटी) बदलून घेतला आणि नवा प्रॉपशाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंत जोर नेणारा दांडा) बसवला. काम सुरू करण्यापूर्वी इंग्रजीत पुष्कळ वाचले होते, पण कागदपत्रांत किती वेळ जातो, कुठे थांबावे लागते आणि नेमकी चूक कुठे होते, हे कोणी एका ठिकाणी सांगितलेले सापडले नाही. म्हणून सगळे क्रमाने लिहून ठेवत आहे.

सुरुवात झाली ती प्रेस्कॉटच्या डोंगरावर. ग्लॉस्टरशायरमधील हा चढाचा रस्ता १९३८ पासून गाड्यांच्या शर्यतींसाठी वापरला जातो. त्याची लांबी अवघी ११२७ यार्ड असली, तरी त्यात ‘पार्डन’ नावाचे एक अतिशय आवळ वळण आहे. क्लबच्या हौशी दिवसाला तिथे गेले असता त्या वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर दाबला, की आतल्या बाजूचे मागचे चाक हलके होऊन जागच्या जागी फिरू लागे आणि गाडी पुढे सरकेना. साध्या डिफरन्शियलचा हा स्वभावच असतो. तो दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो, त्यामुळे एका चाकाची पकड सुटली, की दुसऱ्यालाही तेवढाच क्षीण जोर मिळतो. हे मला माहीत होते. परंतु त्या दिवशी घरी परतताना प्रत्येक सिग्नलला क्लच सोडताच गाडीच्या पोटातून ‘टक्’ असा खटका येऊ लागला आणि तो मात्र नवा होता.

माझे मामा कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात अनेक वर्षे अँबॅसिडर दुरुस्त करत असत. अँबॅसिडरचे १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन आणि माझ्या गाडीचे १७९८ सीसीचे इंजिन ही दोन्ही बीएमसीच्या बी-सिरीज या एकाच घराण्यातली आहेत, आणि मागे कमान पाट्यांवर बसवलेला सलग ॲक्सल हेही दोघींचे साम्य आहे. त्यामुळे मी त्यांना फोनवर आवाज ऐकवला. त्यांनी तो पुरता ऐकूनही घेतला नाही. “अगं, इंजिनात काय शोधतीस? आधी क्रॉस बघ. मग क्राऊन-पिनियनकडं जा,” एवढेच म्हणाले. क्रॉस म्हणजे प्रॉपशाफ्टच्या दोन्ही टोकांना असणारा युनिव्हर्सल जॉइंट, आणि क्राऊन-पिनियन म्हणजे ॲक्सलमधील मोठ्या आणि छोट्या गिअरची जोडी.

पुढच्या रविवारी पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे लावले, गाडी मागून उचलून भार पेलणाऱ्या लोखंडी घोड्यांवर ठेवली आणि खाली शिरले. (केवळ जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये, घोड्यांची जोडी तीस-चाळीस पौंडांत मिळते.) हँडब्रेक ओढून, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून प्रॉपशाफ्ट हाताने इकडून तिकडे फिरवला. फ्लँजवर, म्हणजे जोडाच्या चकतीवर, खडूने रेघ मारून मोजले, तर तिथे जवळपास दोन सेंटीमीटरची चाल (ढिलेपणा) होती. मागच्या क्रॉसच्या एका टोपीभोवती गंजाची बारीक तांबूस पूड जमलेली दिसली. आतले ग्रीस संपून सुईसारख्या बारीक रोलरची भुकटी होऊ लागली, की अशी पूड बाहेर येते. मात्र क्रॉस घट्ट धरून पाहिला, तरी चाल फारशी कमी झाली नाही. म्हणजे मोठा वाटा डिफरन्शियलच्या आत होता.

एमजीबीच्या डिफरन्शियलमध्ये हे अगदी सर्रास होते. आतल्या छोट्या गिअरांच्या पाठीमागे पातळ वॉशर असतात, आमच्या मामांच्या भाषेत वायसर, आणि पन्नास वर्षांत ते झिजून कागदाइतके उरतात. नुसते वॉशर आणि क्रॉस बदलणे हा सर्वांत स्वस्त मार्ग होता, त्याचे सामान साठ पौंडांच्या आत आले असते. ज्यांना केवळ खटका घालवायचा आहे, त्यांनी तेच करावे, असे मी स्पष्टपणे सांगेन. मला मात्र प्रेस्कॉटचे ते फिरणारे चाक डाचत होते. डिफरन्शियल उघडायचाच आहे, तर पकड असलेल्या चाकाकडे जास्त जोर वळवणारा, ज्याला लिमिटेड स्लिप म्हणतात तसा, एकदाच बसवून टाकावा असे ठरवले. हा खर्च गरजेचा नव्हता, हौसेचा होता.

अशा डिफरन्शियलचे दोन मुख्य प्रकार आहेत. एकात क्लचसारख्या चकत्या असतात, त्या झिजतात आणि त्यांना विशिष्ट तेल लागते. दुसऱ्यात तिरक्या दातांचे गिअर असतात आणि जोर आला, की ते एकमेकांवर व आवरणावर दाबले जाऊन घर्षणानेच जोर पकड असलेल्या चाकाकडे वळवतात. मी दुसरा निवडला, कारण रस्त्यावर तो सौम्य वागतो आणि त्याची वेगळी निगा राखावी लागत नाही. त्याची एक मर्यादा आधीच समजून घ्यावी: एखादे चाक पूर्णपणे हवेत उचलले गेले, तर तो साध्या डिफरन्शियलसारखाच वागतो. माझे चाक हलके होत होते, जमीन सोडत नव्हते, म्हणून तो मला पुरेसा होता. याच सुमारास क्लबातील एकाने व्ही८ इंजिनाच्या एमजीबीचे ३.०७ चे गुणोत्तर (चाकांच्या एका फेरीमागे प्रॉपशाफ्टच्या फेऱ्या) बसव, म्हणजे महामार्गावर इंजिन शांत चालेल, असे सुचवले. तो मोह मी आवरला. व्ही८ चे इंजिन साडेतीन लिटरचे होते. माझ्या इंजिनाच्या जोरावर त्या गुणोत्तराने डोंगर चढायचा, म्हणजे प्रत्येक वळणावर पहिला गिअर शोधत बसायचे. मूळचे ४३ आणि ११ दातांचे, म्हणजे ३.९ चे, गुणोत्तर कायम ठेवले.

ऑक्टोबर महिना कागदांत गेला. आधी वाहन नोंदणीचा प्रश्न. त्या वेळच्या नियमांनुसार मूळ नोंदणी क्रमांक टिकवायचा असेल, तर बदल केलेल्या गाडीला किमान ८ गुण लागत. मूळ किंवा त्याच जातीच्या नव्या सांगाड्याचे ५, सस्पेन्शनचे २, दोन्ही ॲक्सलचे मिळून २, ट्रान्समिशनचे २, स्टिअरिंगचे २ आणि इंजिनचा १, असे एकूण १४. माझ्या कामात ॲक्सलचे नळकांडे मूळचेच राहणार होते आणि केवळ आतला डिफरन्शियल बदलणार होता. समजा ॲक्सलचे दोन्ही गुण गेले असते, तरी १२ उरले असते. नोंदणीच्या पुस्तिकेत, ज्याला इथे व्ही५सी म्हणतात, ॲक्सलची नोंद नसतेच. तरीही खात्री करावी म्हणून वाहन नोंदणी कार्यालयाला फोन केला. चाळीस मिनिटे संगीत ऐकल्यावर एका सौजन्यशील बाईंनी, “पुस्तिकेतील कोणतीही नोंद बदलत नसेल, तर आम्हाला कळवण्याचे कारण नाही,” असे सांगितले. तारीख, वेळ आणि त्यांचे वाक्य मी गाडीच्या वहीत लिहून ठेवले.

दुसरा प्रश्न एमओटी या वार्षिक तपासणीचा होता. मे २०१८ पासून चाळीस वर्षांहून जुन्या गाड्यांना ही तपासणी सक्तीची नाही, परंतु गाडीत मोठा फेरबदल झालेला असेल, तर ही सूट जाते. ती सूट हवी असल्यास कर भरताना तसे स्वतः जाहीर करावे लागते. ॲक्सलच्या बाबतीत सस्पेन्शन किंवा स्टिअरिंगचा प्रकार वा पद्धत बदलणे हा मोठा फेरबदल समजला जातो. माझे पाटे, शॉक अब्सॉर्बर आणि जोडणीच्या जागा त्याच राहणार असल्यामुळे सूट कायम होती.

खरा वेळ खाल्ला तो विमा कंपनीने. गाडीत केलेला बदल कंपनीला कळवला नाही, तर पुढे दावा नाकारला जाऊ शकतो, म्हणून काम सुरू होण्यापूर्वीच ई-मेल पाठवला. त्यांचा पहिला प्रश्न होता, “याने गाडीची शक्ती वाढते का?” शक्ती वाढत नाही, ती जमिनीपर्यंत नीट पोचते, हे समजावण्यात तीन ई-मेल गेले. अखेर त्या भागाचे माहितीपत्रक आणि गाडीची चारही बाजूंनी काढलेली छायाचित्रे पाठवल्यावर अकराव्या दिवशी उत्तर आले: २५ पौंड एकवेळ शुल्क आणि १८ पौंड वार्षिक वाढ. पॉलिसीत वेळ मोजून होणाऱ्या शर्यती वगळलेल्या आहेत, याचीही त्यांनी आठवण करून दिली. मंजुरी लेखी घ्यावी आणि पुरवणीपत्र हाती येईपर्यंत पाना हातात धरू नये.

भारतातील वाचकांसाठी इथेच एक खुलासा करते. तिकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ लागू होते आणि नोंदणी प्रमाणपत्रातील मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला स्वतःच्या मर्जीने करता येत नाही. त्यामुळे माझा अनुभव जसाच्या तसा लागू न करता आधी आरटीओत विचारून घ्यावे.

नोव्हेंबरमध्ये मी ती चूक केली. गाडी बंद न ठेवता काम व्हावे म्हणून एक जुना ॲक्सल विकत घ्यावा, तो सावकाश तयार करावा आणि एका शनिवार-रविवारी अदलाबदल करावी, असा बेत होता. ‘एमजीबी ट्यूब ॲक्सल, १८० पौंड’ अशी जाहिरात दिसली. एमजीबीला दोन प्रकारचे ॲक्सल आले: सुरुवातीच्या उघड्या गाड्यांना १९६७ पर्यंत बँजो प्रकारचा, आणि जीटीला पहिल्यापासून ट्यूब प्रकारचा. दोघांचे आतले भाग एकमेकांना चालत नाहीत. मी अभ्यास करून गेले होते. मागचे झाकण बोल्ट काढून निघते, म्हणजे ट्यूब प्रकारचाच, हे पाहिले. एका बाजूचा हब, म्हणजे चाक ज्यावर बसते तो भाग, नवऱ्याला धरायला सांगून दुसरा दोन वेळा फिरवला, पिनियन चारला किंचित कमी वेळा फिरला, म्हणजे गुणोत्तरही ३.९ चेच. स्वतःवर खूश होऊन पैसे दिले, भाड्याच्या व्हॅनला ६५ पौंड मोजले आणि ॲक्सल घरी आणला.

माझ्या गाडीला तारांची चाके आहेत आणि या ॲक्सलला चार बोल्टच्या साध्या चाकांचे हब होते. विक्रेता म्हणाला होता, की हब बदलता येतात, आणि ते खरेच आहे. परंतु तारांच्या चाकांसाठी कारखान्यानेच ॲक्सल मुळात आखूड केला होता, हे मला ठाऊक नव्हते. घरी दोन्हींवर टेप लावली, तेव्हा विकत घेतलेला ॲक्सल जवळपास साडेचार सेंटीमीटर लांब भरला. तारांची चाके लावून तो बसवला असता, तर दोन्ही बाजूंना टायर मडगार्डच्या आतल्या कडेला घासले असते. जाहिरातीत खोटे काहीच नव्हते, त्यामुळे परत घेण्याचा आग्रह धरता आला नाही. मी सगळे मोजले होते, फक्त लांबी मोजली नव्हती. जुना ॲक्सल पाहायला जाताना स्वतःच्या ॲक्सलची एका ब्रेकप्लेटपासून दुसऱ्या ब्रेकप्लेटपर्यंतची लांबी कागदावर लिहून न्यावी, एवढ्या एका मापाने माझे २४५ पौंड वाचले असते.

तेव्हा स्वतःचाच ॲक्सल काढणे आले. जानेवारी २०२३ मधील दोन शनिवार-रविवार त्यात गेले. गॅरेजमध्ये तापमान दोन-तीन अंश असे आणि पाने हाताला चिकटत. (सगळे पाने इंची लागतात, मिलिमीटरचे जवळपास बसणारे पाने वापरून नटांचे कोपरे गोल करू नयेत.) कामाच्या आठवडाभर आधीपासून प्रत्येक नटावर रोज संध्याकाळी गंज सोडवणारे तेल मारत होते, त्याचा फार उपयोग झाला. प्रॉपशाफ्टचे दोन्ही फ्लँज सोडवण्यापूर्वी त्यांवर छिन्नीने खुणा केल्या. हँडब्रेकची केबल, ॲक्सल फार खाली लोंबू नये म्हणून असलेले दोन पट्टे, शॉक अब्सॉर्बरच्या कड्या, हे सगळे सुटले. ब्रेकच्या पाइपचा जोड मात्र फिरण्याऐवजी पाइपालाच पिळून तुटला. तो तुटणार हे गृहीत धरून तांबे-निकेलचा नवा पाइप आणून ठेवला असता, तर बरे झाले असते. पाटे धरून ठेवणाऱ्या यू-बोल्टांपैकी दोन कापावे लागले. गॅसच्या टॉर्चने तापवून नट सोडवण्याचा सल्ला अनेक जण देतात. या गाडीची पेट्रोलची टाकी ॲक्सलच्या लगेच मागे आहे, त्यामुळे तो सल्ला मी मानला नाही आणि आपणही मानू नये. शेवटी पाट्यांचे मागचे शॅकल (जोडकड्या) खोलून ॲक्सल जॅकवर खाली उतरवला. तो बाहेर ओढायला दोन माणसे हवीतच. नवऱ्याच्या पाठीने नंतर आठवडाभर मला त्याची आठवण करून दिली.

डिफरन्शियल स्वतः बसवायचा नाही, हे मी पहिल्यापासून ठरवले होते. ट्यूब ॲक्सलमध्ये डिफरन्शियलची पेटी बेअरिंगांच्या मधे इतकी घट्ट बसते, की कारखान्याच्या पुस्तिकेनुसार ती काढताना ॲक्सलचे आवरण एका खास हत्याराने किंचित ताणावे लागते. नवी पेटी बसवली, की क्राऊनची जागा शिम, म्हणजे पातळ चकत्या, घालून पुन्हा ठरवावी लागते आणि क्राऊन-पिनियनमधील चाल डायल गेजने मोजावी लागते. इंचाच्या हजाराव्या भागांचे हे काम आहे. चुकले, तर गाडी आयुष्यभर रडत राहते. बर्मिंगहॅमजवळच्या एका कार्यशाळेने ३५० ते ४५० पौंड मजुरीचा अंदाज दिला आणि सात आठवड्यांनंतरची तारीख दिली. नवा डिफरन्शियल मी स्वतःच मागवला. तो ९३० पौंडांना पडला, त्यात २० टक्के व्हॅट आलाच. बेअरिंग, सील, गॅस्केट यांचे १६५ पौंड वेगळे.

त्या सात आठवड्यांत प्रॉपशाफ्टचे काम उरकले. बाजारात ॲल्युमिनियमचे आणि कार्बन फायबरचेही शाफ्ट मिळतात. शे-सव्वाशे अश्वशक्तीच्या आतल्या गाडीला त्यांची काही गरज नाही, तिला नीट तोललेला पोलादी शाफ्ट पुरतो. तोल का महत्त्वाचा, हे एका आकड्यावरून कळते. माझ्या गाडीला ओव्हरड्राइव्ह, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्या कमी करणारा जादा गिअर, आहे, त्यामुळे ताशी ७० मैलांना इंजिन मिनिटाला सुमारे ३२०० फेऱ्यांवर आरामात चालते. परंतु ओव्हरड्राइव्ह शाफ्टच्या अलीकडे असतो, त्यामुळे शाफ्टला त्या आरामाचा वाटा मिळत नाही आणि तो मिनिटाला ३९०० च्या आसपास, म्हणजे सेकंदाला पासष्ट वेळा, फिरतच राहतो. काही ग्रॅमचा असमतोलही तिथे आसनापर्यंत जाणवतो. गिअरबॉक्स आणि ॲक्सल कोणता आहे, यानुसार शाफ्टची लांबी बदलते. म्हणून जुना शाफ्टच कुरिअरने एका शाफ्ट तयार करणाऱ्याकडे पाठवला. ग्रीस भरता येईल असे क्रॉस असलेला, यंत्रावर तोललेला नवा शाफ्ट सोळा दिवसांत २१५ पौंडांना मिळाला. मधल्या सरकत्या जोडाला ग्रीस देण्यासाठी तो सोडवलात, तर दोन्ही टोकांचे काटे पुन्हा एकाच रेषेत येतील याची काळजी घ्यावी. एक दात इकडेतिकडे झाला, तर नव्या शाफ्टनेही गाडी थरथरते.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात कार्यशाळेतून फोन आला, “येऊन बघून जाता का?” अर्ध्या दिवसाची रजा काढून गेले. टेबलावर वर्तमानपत्रावर माझ्या डिफरन्शियलचे अवयव मांडून ठेवले होते. छोटे गिअर ज्या दांड्यावर फिरतात, त्या दांड्यावर बोटाने चाचपता येईल अशी पायरी पडली होती. चारपैकी एका वॉशरचा मागमूसच नव्हता, त्याचे तपकिरी तुकडे तळाच्या काळ्या तेलात सापडले. क्राऊन आणि पिनियनचे दात मात्र चांगले होते. ही जोडी कारखान्यात एकत्र घासून जुळवलेली असते, त्यामुळे दोन्ही एकत्रच ठेवावी लागतात. तीच जोडी नव्या पेटीवर बसवली. कारागिराने दातांना निळा रंग लावून क्राऊन फिरवून दाखवला. दातांच्या मधोमध लांबट ठसा उमटला, टोकाला नाही आणि बुडालाही नाही. मामाही असेच ब्लू लावून बघत, हे मला तिथे उभ्या उभ्या आठवले आणि मी त्या ठशाचे छायाचित्र त्यांना पाठवले. उलट उत्तर आले, “बरोबर बसलाय. पैसे दे.” मजुरी ४२० पौंड झाली.

ॲक्सल घरी आला, तो उघड्या धातूचा होता. गंज लागू नये म्हणून मी त्याला काळ्या रंगाचे दोन हात दिले. ही माझी दुसरी चूक होती, पण ती पुढे कळली.

८ आणि ९ एप्रिल, ईस्टरच्या सुट्टीत, ॲक्सल परत बसवला. नवे यू-बोल्ट, पाट्यांखालचे नवे रबर, नवा ब्रेक पाइप. पाट्यांचे बोल्ट शेवटचे आवळायचे, ते गाडी चाकांवर उभी करून, तिचा भार पाट्यांवर आल्यानंतर. लोंबत्या स्थितीत आवळले, तर रबरी बुश कायमचे पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात. हबचा मोठा नट १५० फूट-पौंडांना, म्हणजे सुमारे २०३ न्यूटन-मीटरला, आवळायचा असतो. माझा टॉर्क पाना १५० न्यूटन-मीटरपर्यंतच जात होता, हे ऐनवेळी लक्षात आले आणि शेजाऱ्यांकडून मोठा मागून आणावा लागला. आवळल्यावर खिळीचे भोक जुळले नाही, तर नट आणखी थोडा आवळावा, सैल करून जुळवू नये. तारांच्या चाकांच्या डाव्या-उजव्या हबचे आटे उलट दिशांचे असतात, जेणेकरून गाडी चालताना मधला नट सुटण्याऐवजी आवळत जावा. हब चुकून अदलाबदल झाले, तर चालत्या गाडीचे चाक निघू शकते. काढतानाच त्यांवर चिठ्ठ्या चिकटवून ठेवल्या होत्या. तेल हायपॉइड ईपी९०, लिटरभराला थोडे कमी. मग ब्रेकमधील हवा काढली, त्यात संध्याकाळ झाली.

पहिल्या तीस मैलांत खटका गेलेला होता. एवढी शांतता, की गाडी दुसऱ्या कोणाची तरी आहे असे वाटले. घरी येऊन वाकून पाहिले, तर डाव्या ब्रेकप्लेटच्या खालून तेलाची एक धार टायरच्या कडेवर आली होती. नवे सील आणि गळती! कार्यशाळेला दोष देणारा ई-मेल अर्धा लिहून झाला होता. तेवढ्यात पुस्तिकेतील आकृतीत ॲक्सलच्या नळीवरचे एक इवलेसे टोपण दिसले. ते हवा बाहेर जाण्याचे छिद्र. ॲक्सल तापला, की आतली हवा फुगते आणि तिथून निघून जाते. माझ्या काळ्या रंगाच्या दोन हातांखाली ते छिद्र पूर्ण बुजले होते आणि हवेने तेलाला सीलमधून बाहेर ढकलले होते. सुईने छिद्र मोकळे केले, ब्रेकचे डाव्या बाजूचे शू तेलाने भिजले होते म्हणून बदलले, आणि ई-मेल पुसून टाकला. नंतर गळती झाली नाही.

दोन आठवड्यांनी, शांततेची सवय झाल्यावर, एक बारीक ‘टिक्’ ऐकू येऊ लागली. आधीच्या खटक्याच्या तुलनेत अगदीच क्षीण, पण त्याच क्षणी येणारी. या वेळी डाव्या चाकाचा मधला नट काढून हबच्या खाचा भिंगाखाली पाहिल्या. ज्यांचे माथे सपाट असायला हवेत, ते दात करवतीच्या दातांसारखे टोकदार झाले होते. चाक हबवर केसभर पुढेमागे सरकत होते. जानेवारीत हेच हब मी हातांनी काढले होते, ग्रीस पुसून परत ग्रीस लावले होते, आणि एकदाही नीट पाहिले नव्हते. म्हणजे सप्टेंबरचा तो खटका एका जागचा नव्हताच. थोडी चाल क्रॉसमध्ये, बरीचशी वॉशरांमध्ये आणि उरलेली हबच्या खाचांमध्ये होती, आणि क्लच सोडताच ती सगळी एकदम भरून निघत होती. हबची नवी जोडी १७० पौंडांना पडली. चाकांच्या खाचा सुदैवाने ठीक होत्या. नव्या हबवर खराब खाचांचे चाक चढवले, तर हबही लवकरच तसेच होतात.

सूट असूनही मे महिन्यात एमओटी करून घेतली. तिचे कमाल शुल्क ५४.८५ पौंड आहे आणि ब्रेकचा पाइप स्वतः बसवल्यानंतर दुसऱ्या कोणाच्या तरी नजरेखालून गाडी जावी, असे मला वाटत होते. तपासनीसाने हँडब्रेक डावीकडे किंचित कमी पकडतो, एवढा शेरा देऊन गाडी पास केली. पाचशे मैल झाल्यावर ॲक्सलचे तेल बदलले. जुन्या तेलात बारीक रुपेरी चमक होती, ती नव्या गिअरांत सुरुवातीला अपेक्षितच असते.

ब्रेक पाइप, यू-बोल्ट, रबर, शू, तेल या किरकोळ सामानाचे १४० पौंड धरून एकूण खर्च २१३८ पौंड झाला. त्यात चुकलेल्या ॲक्सलचे २४५ मिळवले, तर २३८३, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे दोन लाख चाळीस हजार रुपये. गाडी जानेवारीपासून एप्रिलपर्यंत सुमारे तीन महिने उभी होती.

४ जूनला पुन्हा प्रेस्कॉटला गेले. पार्डनच्या वळणात पूर्वीच्याच जागी ॲक्सिलरेटर दाबला, तर चाक फिरले नाही. उलट गाडीचे नाक किंचित बाहेरच्या बाजूला सरकले, कारण आता बाहेरचे चाकही ढकलत होते. पहिल्या दोन फेऱ्यांत मी दचकून पाय काढून घेतला. तिसऱ्या फेरीत थोडे उशिरा आणि थोडे हळू दाबल्यावर गाडी वळणातून सरळ वर निघाली. परतीच्या वाटेवर प्रत्येक सिग्नलला खिडकीची काच खाली करून कान देत होते, पण फक्त एक्झॉस्टचा आवाज येत होता.

तो लांब ॲक्सल अजून गॅरेजच्या भिंतीला टेकून उभा आहे. बोल्टच्या चाकांची एमजीबी असणाऱ्या कोणाला हवा असेल, तर १०० पौंडांना देईन. टेप मी देईन, उचलायला माणूस मात्र सोबत आणावा.